विसावी गाठ

आसारामची दोरी गोठ्यात आली की पिंपळबोडीतली माणसं बोलणं थांबवत. तसा रिवाजच होता. जनावराची मोजणी तोंडानं करायची नाही. आकडा उघड्यावर पडला तर तो जनावराला लागतो, असं आसारामचा बाप म्हणे आणि बापाला त्याच्या बापानं सांगितलेलं. म्हणून आसाराम ओठ मिटून दोरी फिरवी, बोटांनी गाठी चाचपी, आणि सगळं झाल्यावर एकदाच वजन सांगे. मधली मोजणी कुणाला ऐकू येत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

दोरी अंबाडीची होती, करंगळीएवढी जाड. तीन-तीन इंचांवर एकेक गाठ. सुरुवातीच्या टोकाला कवडी बांधलेली आणि विसाव्या गाठीला लाल चिंधी. लाल चिंधी म्हणजे वीस, एवढं मात्र गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बापाच्या काळी या दोरीवर बाजारातले सौदे ठरत. पुढं तीसेक वर्षांपूर्वी गुरांच्या शिबिराला आलेल्या एका डॉक्टरानं दुपारभर आसारामजवळ बसून दोरी टेपाला लावून पाहिली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इतक्या गाठी, खांद्याच्या हाडापासून शेपटीजवळच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी इतक्या गाठी, तर वजन इतके किलो, असा सगळा हिशेब त्यानं आसारामला पाठ करून दिला. त्यानंतर एकदा दोन म्हशी तांदळाच्या गिरणीतल्या मोठ्या काट्यावर चढवल्या. आसारामचं वजन आणि काट्याचं वजन यांत दहा किलोचाही फरक निघाला नाही. तेव्हापासून आसपासच्या सात-आठ गावांत औषध द्यायचं असो की म्हैस विकायची असो, चिचटोल्यात राहणाऱ्या आसारामला बोलावणं यायचंच.

पण एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून आसारामच्या डोळ्यांत धूर भरत चालला होता. आधी म्हैस दारात उभी राहिली की त्याला नुसत्या नजरेनं वजन कळे, दोरी फक्त त्यावर मान डोलवी. आता म्हैस म्हणजे त्याला एक काळा ढीग दिसे. शिंगं कुठं नि शेपूट कुठं एवढं कळे, बाकी सगळं दोरीवर. घरी मुलाला, सुनेलाही त्यानं सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक बोलावणार नाहीत, आणि बोलावणार नाहीत तर आपण नुसते खाटेवरचे, ही भीती त्याच्या मनात घर करून होती.

त्या दिवशी सकाळी तो जमुनाबाईच्या गोठ्यात गेला तेव्हा म्हैस दावणीला गोल गोल फिरत होती. तीन दिवसांपासून तिचं असंच चाललं होतं. ताप चढे, उतरे. डोळ्यांतून पाणी वाही. मधेच ती भिंतीला डोकं टेकवून उभी राही. जमुनाबाई आणि तिची लेक चेतना, दोघींचं घर या एका म्हशीवर, भुरीवर चालत होतं. जमुनाबाईचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

"जोहार, जमुनाबाई."

"आले का, आसारामभाऊ! या. सांभाळून हं. मी जवळ गेली तं शिंग मारते. तुमचाच हात चालते तिले."

इंजेक्शनवाला ओमेश मोटारसायकलला टेकून उभा होता. गावोगाव फिरून गुरांना सुया टोचायचं काम तो करी, डॉक्टर फोनवर सांगतील तसं. "काका, आटपा लवकर. डॉक्टर शिबिरात अडकून राहिले. त्यायनं फोनवर सांगितलं, माशीमुळे होते तो रक्ताचा रोग आहे. पिवळं औषध द्याचं आहे. पण वजन बरोबर पायजे म्हणे."

"काऊन, अंदाजानं नाही देत येत?" जमुनाबाईनं विचारलं.

"नाही न, काकू. मोठं खतरनाक औषध आहे. कमी पडलं तं रोग जात नाही, अन् जास्त झालं तं जनावर थरथर कापते अन् पडते. पडलं की मंग उठत नाही."

आसारामनं भुरीच्या मानेवर हात ठेवला. कातडं तापलेलं होतं. "उभी राह्य, माय," तो पुटपुटला. सगळे गप्प झाले. त्यानं पुढच्या पायांमागून दोरी घातली, वरून घेतली, कवडीशी जोडली. बोटं चिंधीपर्यंत गेली, चिंधीच्या पुढं सहा गाठी. सव्वीस. मग लांबी. खांद्याच्या हाडावर कवडी दाबून दोरी मागं नेली. पुठ्ठ्याच्या हाडावर बोटाखाली नेमकी चिंधी आली. वीस.

"साडेपाचशे," तो म्हणाला.

ओमेशनं भुरीकडं पाहिलं. "एवढी भरली का हे? दिसत तं नाही."

"दिसण्यावर कायले जातं?" जमुनाबाईनंच त्याला झापलं. "तुह्या जन्माच्या आधीपासून मोजून राहिले ते."

आसाराम हसला. हसताना त्यानं तोंड वळवलं, कारण ओमेश कुठल्या बाजूला उभा आहे हे त्याला नीट दिसत नव्हतं. ओमेशनं डॉक्टरांना फोन लावून आकडा सांगितला. फोनच्या भोंग्यातून डॉक्टरांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. साडेपाचशेच्या हिशेबानं औषध भरा, पण जनावर अशक्त आहे, एकदम देऊ नका. अर्धं आता. उरलेलं अर्धं चार वाजता, तेही ती पायावर उभी असेल तरच.

ओमेशनं पहिली सुई टोचली. भुरी एकदा हुंकारली. आसारामनं दोरी गुंडाळली, जमुनाबाईच्या हातचा चहा घेतला आणि तलावाच्या पाळीवरून चिचटोल्याला परत निघाला.

घरी सून चंचल अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मुलगा रूपेश जंगलात वणवा अडवायच्या जाळरेषेच्या कामाला गेला होता, आणि घरातला एकुलता एक फोनही त्याच्याबरोबर. आसारामनं पेज पिऊन थोडी पाठ टेकली. उठला तेव्हा सूर्य डोक्यावरून थोडा कलला होता. दोरीला शेण लागलं होतं, म्हणून ती धुऊन त्यानं करंजाचं तेल घेतलं आणि दाराशी बसून कवडीपासून एकेक गाठ तेलानं चोळू लागला.

पहिल्या गाठीशी अंगठा थांबला.

पहिली गाठ दुहेरी असायला हवी होती. बापानं ती दुहेरी मारली होती, अंधारातही सुरुवात कळावी म्हणून. अंगठ्याखाली होती ती साधी, एकेरी गाठ. त्यानं पुन्हा चाचपलं. एकेरीच. पुढची एकेरी, त्याच्या पुढची एकेरी. तो कवडीपासून मनात मोजत गेला आणि चिंधी लागली तेव्हा मोजणी अठरावर होती.

त्यानं पुन्हा मोजलं. अठरा. तिसऱ्यांदा मोजताना धक्का लागून तेलाची वाटी कलंडली.

"चंचल! ये वं इकडे!"

ती धावत आली. "काय झालं, मामाजी?"

"ह्या दोरीले कोणी हात लावला होता?"

चंचलनं दोरी पाहिली. "मीच. दिवाळीच्या साफसफाईत काढली होती. टोक उंदरानं कुरतडून ठेवलं होतं पुरं. तुमची एवढी जपून ठेवलेली दोरी, मंग खराब झालेलं टोक कापलं अन् कवडी होती तशी बांधून देली." तिचा चेहरा उतरला. "काऊन? चुकलं का माझं?"

तिनं कवडी मोठ्या काळजीनं बांधली होती. आधी होती त्याहून पक्की.

"कितीक कापलं?"

"वीतभरही नाही. दोन गाठी असतीन."

दोन गाठी. चिंधी तिथंच होती, कवडी दोन गाठी पुढं आली होती. तो चिंधीला वीस समजून पुढं मोजत राहिला. सव्वीस म्हणाला ती चोवीस होती. वीस म्हणाला ती अठरा. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. भुरी साडेपाचशेची नव्हतीच. ती सव्वाचारशेची होती, फार तर. ओमेशला उगाच शंका आली नव्हती. दोन डोळ्यांच्या कुणालाही दिसलं असतं.

"किती वाजले?"

"अडीच वाजून गेले असतीन. मामाजी, कुठी चालले? अहो, उन्हाचं!"

काठी आणि दोरी घेऊन तो निघालाच होता.

चिचटोल्याहून पिंपळबोडी पाऊण तासाची वाट. आधी सागाचा पट्टा, मग तलावाची लांब पाळ, मग गाव. रोजच्या पायाखालची वाट, पण आज ती लांबत चालली होती. सागाची वाळकी पानं पायाखाली मोठमोठ्यानं वाजत होती. मागून कुणी येतंय असं वाटून तो दोनदा थांबला. कुणी नव्हतं.

चार वाजायच्या आत पोचलंच पाहिजे, हे एकच त्यानं धरून ठेवलं होतं. सकाळचं अर्धं गेलंय, त्यानं मरणार नाही ती. अर्ध्यापर्यंत ठीक आहे. दुसरं अर्धं गेलं की संपलं. पण ओमेश घाईतला माणूस. त्याला आणखी दोन गावं करायची होती. साडेतीनलाच टोचून मोकळा झाला तर?

पाळीवर चढताना त्याच्या मनात दुसरी एक गोष्ट आली, आणि ती हळूच, शहाण्या माणसासारखी आली. तू गेला नाहीस तर काय होईल? म्हैस मरेल. रोगानं मेली, म्हणतील. डॉक्टरही म्हणतील, उशीर झाला होता. दोरीची कुणाला शंकासुद्धा येणार नाही, कारण मोजणी कुणी ऐकलेलीच नाही. आणि गेलास तर? डोळ्यांचं सांगावं लागेल. सात-आठ गावांत एका दिवसात बोभाटा होईल. सुनेचं नाव निघेल, तिच्या माहेरापर्यंत जाईल.

तो पाळीवर मधोमध उभा राहिला. एका बाजूला तलावाचं पाणी नुसतं चकाकणारं, त्याच्या डोळ्यांना पांढऱ्या पत्र्यासारखं. त्या पांढऱ्यात त्याला भुरीचं तापलेलं कातडं आठवलं. कुणालाही शिंग मारणारी ती, त्याच्या हाताखाली कशी उभी राहिली होती.

त्यानं पाऊल उचललं, आणि तेवढ्यात चंचलचा एक शब्द त्याच्या मनात उलटा फिरून आला. दिवाळीच्या साफसफाईत, म्हणाली होती ती.

दिवाळीपासून आज फागुन. एवढ्या महिन्यांत ही दोरी किती जनावरांवरून फिरली? नंदलालची म्हैस. ती विकायची होती, विकली गेली. कोकणटोल्याची एक, जंताच्या औषधासाठी. तिचं काही झालं नाही, ते औषध साधं होतं. आणि पुसात, थंडी पडली होती तेव्हा, पिंपळबोडीच्याच दुधरामची.

दुधरामची म्हैस. तोच रोग. तेच पिवळं औषध. हाच ओमेश. पाचशे किलो, आसारामनं सांगितलं होतं. औषध एकदम पूर्ण दिलं होतं, कारण म्हैस चांगली ताकदीची होती. दुपारी सुई टोचली आणि दिवस मावळायच्या आत ती थरथरून पडली. रोगानं नेली, सगळे म्हणाले. आसारामही म्हणाला होता. तिला पुरलं तेव्हा दुधरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता.

पाळीवरून खाली उतरताना त्याचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा काठी हातातून सुटून पाण्याकडं गेली. ती शोधायला तो थांबला नाही.

जमुनाबाईच्या अंगणात तो शिरला तेव्हा गोठ्यातून ओमेशचा आवाज आला. "धरा वं नीट, चेतना. शेपूट धर. हे झालं की मी सुटलो."

"थांब!" आसाराम ओरडला. मग पुन्हा ओरडला. "ओमेश, सुई नोको टोचू! थांब गा!"

"काऊन? काय झालं, काका?"

आसाराम दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. समोर तीन काळे आकार आणि एक मोठा काळा आकार. "वजन चुकलं. साडेपाचशे नाही. कमी आहे, पुष्कळ कमी."

"तुमचं?" जमुनाबाई म्हणाली. "भाऊ, ऊन लागलं का तुमाले? तुमचं कधी चुकलं?"

"टोचलं का तू? सांग अगोदर!"

"नाही अजून. हातात आहे." ओमेशचा आवाज बदलला. "पण सकाळी तं तुम्हीच म्हणाले साडेपाचशे. ते कुठून आणले मंग?"

आसारामनं दोरी पुढं केली. "टोक उंदरानं खाल्लं होतं. दोन गाठी गेल्या. मले समजलं नाही." तो थांबला. "समजलं असतं, पण मले दिसत नाही, जमुनाबाई. दोन सालं झाली. भुरी मले दिसत नाही. तू कुठी उभी आहेस, तेही आवाजावरून समजून राहिलं."

भुरी दातांवर दात घासत होती.

"अरे बाप्पा," जमुनाबाई हळूच म्हणाली, आणि मग एकदम भडकली. "मंग कायले आले सकाळी? कायले हात लावला हिले? आमच्या घरी हेच एक आहे, ठाऊक नाही का तुमाले? मरू देता हिले, तुमच्या नावापायी?"

"हाव," आसाराम म्हणाला. "तसंच झालं असतं."

चेतनानं आईचा हात धरला. "माय, मंग बोल. आता वजन घ्या लागते. काका, माझ्याजवळ शिवणाचा टेप आहे."

"आण. खडूही आण."

टेप साठ इंचांचा, भुरीच्या छातीला पुरेना. आसारामनं चेतनाला भुरीच्या अंगावर खडूची खूण करायला लावली आणि तिथून पुढं पुन्हा टेप धरायला सांगितला. भुरीनं शिंग हलवलं तेव्हा तो तिच्या गळ्याशी उभा राहून तिच्याशी बोलत राहिला. चेतना रिवाजाप्रमाणे ओठ मिटून मोजू लागली.

"मोठ्यानं," आसाराम म्हणाला.

"काय?"

"मोठ्यानं मोज. सगळ्यायले ऐकू आलं पायजे."

"नोको, भाऊ!" जमुनाबाई म्हणाली. "आकडा लागन तिले. आधीच अशी आहे ते."

"न बोललेला आकडाच लागून राहिला तिले, जमुनाबाई. मोज, चेतना."

चेतनानं मोजलं. साठ, आणि त्यापुढं बारा. बहात्तर इंच. मग लांबी, चौपन्न. गोठ्यात पहिल्यांदाच कुणी जनावराची मोजणी मोठ्यानं करत होतं, आणि प्रत्येक आकड्याला जमुनाबाई पदराचं टोक तोंडात धरत होती. आसारामनं आकडे ऐकले आणि डोळे मिटून हिशेब केला. चोवीस गाठी, अठरा गाठी. "सव्वाचारशे," तो म्हणाला. "तू फोनवर करून पाह्य. घेराले घेरानं गुण, मंग लांबीनं गुण, अन् सहाशे साठनं भाग."

चेतनानं केलं. "चारशे चोवीस."

ओमेशनं डॉक्टरांना फोन लावला. नवा आकडा सांगितला. मग डॉक्टर म्हणाले, सकाळी पावणेतीनशे किलोचं गेलं आहे, आता दीडशेचंच द्या, सुईतलं जवळजवळ निम्मं काढून टाका. आणि मग म्हणाले, ते सगळं गेलं असतं तर ही म्हैस संध्याकाळ पाहू शकली नसती. वजन कुणी घेतलं होतं?

ओमेशनं फोन बंद केला, सुई वर धरली आणि दांडा दाबला. पिवळं पाणी शेणात पडलं. उरलेलं त्यानं टोचलं. भुरीच्या मांड्या थरथरल्या. ती एका बाजूला कलली, तेव्हा जमुनाबाईच्या तोंडून हुंदका निघाला. आसारामनं भुरीच्या पाठीला खांदा लावला, जणू सव्वाचारशे किलो त्याला तोलून धरता येणार होते. ती पडली नाही. पण थरथर थांबायला किती वेळ लागला ते त्याला कधीच नीट सांगता आलं नसतं. सावल्या गोठ्याच्या आत आल्या होत्या, एवढं जाणवलं. मग भुरीनं पाण्याच्या घमेल्यात तोंड घातलं आणि दोन घोट घेतले. चेतना रडायला लागली.

जमुनाबाई आसारामशी बोलली नाही. पण तो निघाला तेव्हा तिनं कोपऱ्यातली एक काठी आणून त्याच्या हातात दिली आणि आत गेली.

ओमेश त्याच्यामागं अंगणाबाहेर आला. इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, दोरी कधी तुटली?"

"दिवाळीत."

ओमेशचा श्वास ऐकू आला. "म्हणजे दुधरामची..."

"हाव."

"पाचशे म्हणाले होते तुम्ही."

"हाव. तू भरलं पाचशेचं."

"मले काय ठाऊक!" ओमेश जवळजवळ ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "ऐका माझं. म्हैस गेली, पुरली, गोष्ट सरली. आता सांगून ते परत येते का? तुमची दोरी, माझी सुई. लोक मले एकाही गोठ्यात पाय ठेवू देणार नाहीत. लहान लेकरं आहेत माझी. तुमच्या पाया पडतो, काका. घरी जा तुम्ही."

त्यानं आसारामचा दंड धरला होता. त्याची बोटं थंडगार पडली होती. आसारामला त्याचा राग आला नाही. पाळीवर जो आवाज त्याच्याशी बोलला होता, तोच आता ओमेशच्या तोंडून बोलत होता.

"तुह्यं नाव मी घेणार नाही," तो म्हणाला. "सुईत तू तेवढंच भरलं जेवढं मी सांगितलं. पण मोजणी माझी होती, ते मले नेली पायजे त्याच्याजवळ."

"मारन तो तुमाले!"

"मारन," आसाराम म्हणाला, आणि वळला.

दुधरामचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, हातपंपापासून चाळीस-पन्नास पावलांवर त्याच्या काटेरी कुंपणाचं फाटक. ही वाट पाळीपेक्षा लांब झाली. फाटकाशी तो थांबला. डाव्या हाताला खुंटा असायचा, म्हशीचा. हात लावून पाहिला. खुंटा तिथंच होता, वर काही नव्हतं. पुसापासून रिकामा.

"कोण? आसारामकाका का?" दुधरामचा आवाज आला, मोकळा, खुशीतला. "अरे या, या! वा, बोलवायच्या आधीच आले. मी उद्या चिचटोल्याले येणार होतो. एक म्हैस पाहून राहिलो, दुसऱ्या वेताची. व्यापारी म्हणते पाचशेच्या वर भरते. मी म्हटलं, आमच्या काकाची दोरी फिरल्याशिवाय मी हात नाही लावत." तो हसला. "बसा न. उभे काऊन? तब्येत बरी नाही का? घामानं पुरे ओले झाले."

आसारामनं कंबरेला गुंडाळलेली गाठींची दोरी सोडली आणि आवाजाच्या दिशेनं पुढं केली.

"हे धर, दुधराम."

"मी? मी काय करू?"

"मोज. कवडीपासून चिंधीपर्यंत. मोठ्यानं मोज."

"मोठ्यानं? काका, मोजणी अशी..."

"मोज रे, बापा."

दुधराम जरा हसत, जरा घाबरत मोजू लागला. गाठी त्याच्या बोटांतून सरकत होत्या आणि आसाराम कान देऊन ऐकत होता. दहा. बारा. पंधरा. आतून दुधरामची बायको दारात येऊन उभी राहिली, तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सोळा. सतरा.

"अठरा," दुधराम म्हणाला. "ही चिंधी." त्याचा हात मागं गेला, पुन्हा कवडीपासून पुढं आला, हळू हळू. "अठराच. पण चिंधी तं वीसवर असते न, काका? साऱ्या गावाले ठाऊक आहे."

"हाव. असायले पायजे होती."

"कधीपासून नाही?"

"दिवाळीपासून."

दुधरामच्या हातातली दोरी जमिनीवर सरपटली, एवढं आसारामला ऐकू आलं. मग पावलं. ती आपल्याकडं येतील म्हणून त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली. पण पावलं त्याच्याजवळून पुढं गेली, फाटकाशी, डाव्या हाताला, रिकाम्या खुंट्यापर्यंत, आणि तिथं थांबली.